मोटारीची पाठ किती उंच असावी?

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत जुन्या जीपगाडीचें प्रेम अद्यापि ओसरलेलें नाहीं. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीपची जोडणी आरंभिली, आणि त्या घडणीच्या गाड्या पुढें कित्येक वर्षें शेतावर, बाजारीं व यात्रेस राबल्या. आतां अशी एखादी जुनी गाडी घेऊन, रंगवून, तिची पाठ वीतभर उंचावून मिरविण्याची हौस कांहीं तरुणांत दिसते. ही हौस मूळची येथली नव्हे. पाँटियॅक जीटीओसारख्या बलाढ्य मोटारी १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत निघाल्या. तेथील तरुण मागें रुंद टायर बसवीत व ते मडगार्डास घासूं नयेत म्हणून गाडी मागून उचलीत. त्यांस निदान कारण तरी होतें!

खचलेली कमान दुरुस्त करणें वेगळें. मागल्या आंसावर एकावर एक रचलेले पोलादी पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्यानें सपाट होतात. मग टायर घासतो, आणि गाडीचें नाक वर झाल्यामुळें दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हां पाट्यांना पुन्हां बांक देऊन, किंवा नवे घालून, गाडी मूळच्या उंचीवर आणावी. मात्र तापविलेल्या पोलादास योग्य पाणी दिलें नाहीं, तर पाटा पुन्हां खचतो अथवा मोडतो. म्हणून स्वस्त मिस्त्री पाहूं नये. माझा आक्षेप आहे तो मूळ उंचीच्याही वर चढण्यास.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या सायकलीकडे पाहा. पुढल्या चाकाचा चिमटा सरळ उभा नसून तिरपा असतो. त्या तिरपेपणाच्या साह्यानें चाक वळणानंतर आपण होऊन सरळ येऊं पाहतें. जीपच्या पुढल्या आंसासही असाच सुमारें ३ अंशांचा कल दिलेला असतो. विलीज घडणीच्या आंखूड जीपच्या दोन्ही आंसांत ८० इंचांचें अंतर असतें. आतां मागली बाजू ४ इंच उचला. सबंध गाडी जवळजवळ ३ अंशांनीं पुढें झुकते. म्हणजे तो कल बहुतेक नाहींसाच होतो! पुढल्या भागास कोणी हातही लावलेला नसतो, तरी सुकाणू भरकटूं लागतें. शिवाय आंस खालीं राहिल्यामुळें ब्रेकची रबरी नळी ताणली जाते व प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस वांकड्या कोनांत फिरून लवकर झिजतो. पाटा न वाढवितां लांब शॅकल लावणारेही आहेत. परंतु शॅकल जितकी लांबवावी त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि गाडी बाजूस डोलूं लागते तें निराळेंच.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलांत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही शिक्षा सांगितल्या आहेत. मुलाच्या हट्टास पैसे देतांना हेंही मोजावें.

माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें असाच एक जाड पाटा वाढविला होता. तुळजापूरचा घाट उतरतांना घरचीं सहा माणसें गाडींत होतीं. एका वळणावर चाक सरळ होईना. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. वडील त्याला एक शब्दही बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तो पाटा काढविला आणि लोहाराकडून त्याचे ऊंस तोडण्याचे कोयते करून घेतले.