वर्कशॉपचे दार आणि तिरपी चाके

यंत्रमानवांच्या स्पर्धेतली चाके हा आपल्या अंकाचा विषय कसा, असे काही मैत्रिणी विचारतील. वसतिगृहातल्या मुलींशी बोलताना अभियांत्रिकीच्या मुलींनीच तो पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आणला. तो समजून घ्यायचा तर आधी चाके समजून घ्यायला हवीत.

आशिया-पॅसिफिक भागातल्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ पासून भरते. दर वर्षी यजमान देश नवा खेळ ठरवतो. पुण्यात ती २००८ आणि २०१४ साली झाली. २०१४ चा खेळ पालकत्वाला सलाम करणारा होता. पालक-यंत्राने बाळ-यंत्राला सीसॉ, झोपाळा अशा ठिकाणी न्यायचे. (बाळ आपोआप चालणारे आणि पालक मात्र माणसाने चालवायचा, हे ऐकून आमच्या एका कार्यकर्तीला हसू आवरेना.)

अशा यंत्राची साधी रचना रणगाड्यासारखी असते. डावी चाके एका मोटरवर, उजवी दुसऱ्या. एका बाजूचा वेग कमी केला की यंत्र वळते. ही रचना मजबूत, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. पण हातभर बाजूला सरकायचे तर आधी वळा, पुढे जा, पुन्हा वळा, आणि त्यात स्पर्धेतली मोलाची सेकंदे जातात. म्हणून मुले वेगळ्या वाटेला जातात. ओम्नी चाकाच्या कडेवर लाटण्यासारखे छोटे रूळ बसवलेले असतात. चाक पुढे फिरते आणि रुळांवरून आडवे घसरतेही. अशा चाकाचे अमेरिकेतले पेटंट १९१९ इतके जुने आहे. अशी तीन चाके त्रिकोणात लावली की यंत्र तोंड न वळवता कुठल्याही दिशेला जाते. मेकॅनम चाकात हेच रूळ ४५ अंशांत तिरपे असतात. ती कल्पना स्वीडनचे अभियंते बेंग्ट इलॉन यांची, १९७० च्या दशकातली. आणखी एका प्रकारात प्रत्येक चाक स्वतःच्या उभ्या आसाभोवतीही वळते. त्यात चार चाकांना सहसा आठ मोटरी लागतात. मंगोलियातल्या २०१९ च्या स्पर्धेत तर घोड्यावरच्या निरोप्यांच्या आठवणीखातर एका यंत्राला चार पायच असले पाहिजेत, असा नियम होता.

या रचना दिसतात छान, पण नखरेल असतात. रुळांमुळे पकड कमी होते. सांगाडा जरा वाकला की एखादे चाक अधांतरी राहते आणि यंत्र भलतीकडे जाते. कागदावर जुळलेले गणित जमिनीवर जुळत नाही. चालवून बघा, उघडा, घासा, परत लावा, अशा शंभर फेऱ्या होतात. दिवसा तास आणि प्रॅक्टिकल असतात, म्हणून या फेऱ्या होतात रात्री.

आणि रात्री मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद होते. एका महाविद्यालयातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने मला सांगितले, तीन चाकांच्या सांगाड्याचे रेखाटन तिचे, पत्रा कापला तिने. साडेआठला ती निघाली. सकाळी येऊन बघते तो चार चाके लागलेली. “रात्री ठरलं,” एवढेच उत्तर. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे नोंदवही आणि प्रायोजकांची पत्रे आली, कारण तिचे अक्षर चांगले होते. यात कुणी दुष्ट नव्हते, हे मुद्दाम सांगते. मुलगे तिला मानत होते. फक्त निर्णय झाला तेव्हा ती तिथे नव्हती. वर्षअखेरीस शिक्षक मात्र म्हणतात, मुलींना मेकॅनिकलमध्ये रस कमी.

मुलींच्या गटाला दिला जाणारा प्रेमळ सल्ला मला याहून जास्त खटकतो: “तुम्ही साधीच चाके घ्या, वेळेत होईल.” साधी चाके कमी दर्जाची नाहीत. नीट सराव केलेले साधे यंत्र नखरेल यंत्राला हरवू शकते. पण ती विचार करून निवडलेली असावीत, फाटकाच्या वेळेने नव्हे. मुलग्यांचे यंत्र मैदानात कोलमडले तर “धाडस केलं” म्हणून पाठ थोपटली जाते. मुलींचे कोलमडले तर पुढच्या वर्षी त्यांना निधी द्यावा का, यावर चर्चा होते.

पालकांची काळजी मी उडवून लावणार नाही. कित्येक वर्कशॉप आवाराच्या मागच्या टोकाला असतात, वाटेवर दिवे नसतात आणि जवळ बायकांचे स्वच्छतागृहही नसते. पण यावर उपाय म्हणून दिवे लावायचे की मुलीला कोंडायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की, विद्यार्थिनींच्या सुरक्षेचे कारण देऊन वसतिगृहात त्यांना मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत. वर्कशॉप दहाला बंद करायचे असेल तर ते सगळ्यांसाठी करा. मग मुलगेही चाके निवडताना घड्याळ बघतील. नाहीतर सगळ्यांसाठी उघडे ठेवा, वाटेवर दिवे लावा आणि रात्री एक महिला कर्मचारी नेमा.

महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर संस्थांच्या प्रतिनिधी म्हणून आपल्यातल्या काहीजणी जातात. पुढच्या बैठकीत त्यांनी वर्कशॉपचे रात्रीचे रजिस्टर मागवावे आणि नऊनंतरच्या सह्यांत मुलींची नावे किती, ते मोजावे.