गोंदियातील घरमालकांना जाहीर इशारा : ३१ मे ही शेवटची तारीख

गोंदिया शहरात खोल्या किरायाने देणाऱ्या सर्व घरमालकांना आम्ही किरायदार जाहीरपणे कळवतो, की गळकी छपरे, उघड्या वायरी, तुंबलेले संडास आणि डुगडुगणारे जिने ३१ मेपर्यंत दुरुस्त झाले पाहिजेत. मृग लागायला त्यानंतर जेमतेम आठवडा उरतो. पाऊस सुरू झाल्यावर कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या छपरावर चढत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पावसाळ्यात "जरा उघडू द्या" आणि दिवाळीनंतर "आता कुठे गळते?" ही उत्तरे यंदा चालणार नाहीत.

आम्ही मेहेरबानी मागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम १४ ने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. किमान १५ दिवसांची नोटीस मिळूनही मालकाने वाजवी वेळेत हातपाय हलवले नाहीत, तर किरायदार स्वतः दुरुस्ती करून तो खर्च किरायातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षभराच्या किरायाच्या एक चतुर्थांशाची. महिन्याला ४,००० रुपये घेत असाल, तर वर्षाला १२,००० रुपयांपर्यंत. आमच्या लेखी नोटिसा १० मे रोजी पोचपावतीसह निघतील. जून उजाडला की मिस्त्री आमचा, बिल तुमचे.

काही मालक लगेच कागद पुढे करतील : "दुरुस्ती किरायदाराने करायची, असे करारात लिहिले आहे." कलम १४ मध्ये कराराला तशी सूट आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तो कागद नोंदणीकृत आहे का? कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि नोंदणी करून घेणे हे मालकाचे काम आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे ओझे मालकावर. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पपेपरवर सही घेऊन कपाटात ठेवलेला कागद बाहेर काढण्यापूर्वी मालकांनी एवढा विचार जरूर करावा.

उघड्या वायरींबद्दल वेगळे बोलावे लागेल. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे याच शहरात हॉटेल बिंदल प्लाझाला आग लागली आणि सात जीव गेले. ते हॉटेल होते, हे खरे. पण एकाच अरुंद जिन्यावर, एकाच मीटरवर दहा-बारा विद्यार्थी ठेवून खाटेमागे पैसे घेणाऱ्यांनी आपल्या घरात आग लागली तर पोरे कुठून उतरतील, ते आजच पायऱ्या मोजून पाहावे. मेडिकल कॉलेज आले, शिकवण्या वाढल्या, तसे खोल्यांचे किराये वाढले. वायरिंग मात्र जुनेच.

नगर परिषदेलाही सांगणे आहे. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमातील कलम १९५ खाली धोकादायक इमारतींना नोटीस देता येते. पण दारावर कागद चिकटवला म्हणजे काम झाले, असे नाही. ३१ मेपूर्वी प्रत्येक धोकादायक इमारतीची पाहणी करा, आत राहणाऱ्या किरायदाराचे नाव आणि त्याच्या ताब्यातली जागा नोंदवा, नोटिशीची प्रत त्यालाही द्या. धोकादायक असल्याचे निमित्त करून जुने किरायदार हुसकायचे आणि मोकळी जागा विकायची, हा डाव आम्हाला कळतो.

किरायदारांनो, तुम्हीही नियमात राहा. किराया थांबवू नका. कापलेली रक्कम सोडून उरलेला बँकेतूनच द्या आणि प्रत्येक बिल जपा. दुरुस्तीच्या नावाखाली नवी भिंत उभी कराल, तर घर खाली करवून घ्यायला मालकाला आयते कारण मिळेल. ज्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, त्यांनी वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक रुपयाही कापू नये. शहराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी भाडे नियंत्रण कायदा आपल्या गावाला लागू आहे का, याची आधी खात्री करावी.

नोटीस मिळाल्याचा राग पाण्यावर काढायची सवय काही मालकांना आहे : बोअरची मोटर बंद, जिन्यातला दिवा बंद. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली पाणी, वीज, जिन्यातला उजेड आणि साफसफाई या आवश्यक सेवा आहेत. त्या योग्य कारणाशिवाय तोडणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ज्या घरात १० मेनंतर नळ कोरडा पडेल, त्या घराचा अर्ज दुसऱ्या दिवशी कोर्टात असेल.