हंगामातील एक ओळ

बारामती–इंदापूर मार्गावरील, विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध असलेल्या निमगाव केतकीत दिवाळीपूर्वीचे दिवस व्यापारी घरांच्या कसोटीचे असतात. दुकानात गर्दी, उधारीची वसुली, वहीपूजनाची तयारी. घरात फराळ आणि पाहुणे. अशा वेळी गृहिणीने नवी लोकर काढून सुयांवर टाके घातले, की ‘आताच कशाला?’ असे विचारले जाते. उत्तर सोपे आहे: दुकान व स्वयंपाकघर यांची कामे संपत नाहीत; विणकामाची ओळ संपते. हंगामात स्वेटर मात्र आरंभू नये. साधा मफलर घ्यावा, प्रत्येक ओळ सुलट विणावी. नमुना मोजावा लागत नाही. हाक आली तरी घरच्यांनी तिला हातातली ओळ पूर्ण करू द्यावी. वहीत तिच्या श्रमांचे खाते नसते. निदान ही दहा मिनिटे तिच्या नावे जमा असावीत.