पूल कोसळतो तेव्हा इंग्रजांची आठवण का काढली जाते?

महाराष्ट्रात जुना पूल कोसळला की दोन दिवसांत एक कथा फिरू लागते. पूल बांधणाऱ्या विलायती कंपनीने म्हणे ‘तुमच्या पुलाचे आयुष्य संपले’ असे पत्र धाडले होते आणि इथल्या सरकारने ते केराच्या टोपलीत टाकले. ते पत्र कथा सांगणाऱ्याने स्वतः कधी पाहिलेले नसते. तरीही ती लोकप्रिय आहे, कारण तिच्यात साहेब कर्तव्यदक्ष ठरतो आणि ज्याच्या ताब्यात पूल होता त्याचे नाव कोणी विचारत नाही. इतिहासप्रेमींनी ही कथा सर्वांत आधी मोडीत काढायला हवी.

इंग्रजांचे पूल पडत नसत, हा समजच मुळात खोटा आहे. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. १८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. खुद्द स्कॉटलंडात टे नदीवरचा भव्य रेल्वेपूल १८७८ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या वादळात धावत्या गाडीसह नदीत गेला. चौकशीत आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींवर ठपका आला. जे पूल पडले ते विस्मृतीत गेले. जे उरले त्यांचीच छायाचित्रे ‘साहेबाचे काम’ म्हणून फिरतात.

इंग्रजांनी मागे ठेवलेली आणि आजही लागू असलेली एक गोष्ट मात्र कोणी शेअर करत नाही. ती म्हणजे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. त्याच्या ६१ व्या कलमात पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे आणि तीत रस्ते, पूल व मोऱ्या बांधण्याबरोबर त्यांची देखभालही स्पष्ट नमूद आहे. ही ऐच्छिक बाब नव्हे.

देखभालीची सुरुवात पाहणीपासून होते. कठड्याला टेकून फोटो काढणे म्हणजे पाहणी नव्हे. तुळया ज्यांवर टेकतात ती बेअरिंग मोकळी आहेत का, सांध्यांतून पाणी झिरपून सळया गंजल्या आहेत का, पाणी जाण्याची छिद्रे तुंबली आहेत का, दगडांच्या सांध्यांत पिंपळाची मुळे शिरली आहेत का, हे पुलाखाली जाऊन, हाताने चाचपून आणि हातोडीने ठोकून पाहावे लागते. नदीवरच्या पुलाचा खरा धोका तर पाण्याखाली असतो. पुराचा लोंढा खांबाच्या पायाभोवतीची माती उकरतो आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो. उन्हाळ्यात काठावरून पाहणाऱ्याला सारे आलबेल दिसते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनांसह वाहून गेला. त्याची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता, असे सरकारनेच सांगितले. तो पूल राष्ट्रीय महामार्गावरचा, म्हणजे पालिकेचा नव्हे. पण कागदावरची पाहणी सर्वत्र सारखीच असते.

पालिकेचे उदाहरण हवे असेल तर अंधेरीचा गोखले पूल पाहावा. हा पूल इंग्रजांचा नव्हे, १९७५ चा. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याचा पदपथ पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. गंजलेल्या लोखंडावर वर्षानुवर्षे केबल, रेती आणि पेव्हर ब्लॉकचा भार चढत गेला होता. तो एका रात्रीत चढलेला नव्हता. दुर्घटनेनंतर रेल्वे म्हणाली पूल पालिकेचा. पालिका म्हणाली देखभाल रेल्वेची, आम्ही पैसे देतो. माणसे ढिगाऱ्याखाली सापडल्यावर मालकीचा वाद सुरू व्हावा, हे शहर कसे चालते याचे यापेक्षा बोलके चित्र दुसरे नसेल.

बरे, त्यातून धडा घेऊन शहरभरचे पूल तपासले जात असतानाच १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल पडला. हा तर निर्विवाद पालिकेचा. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्तीच्या यादीत टाकले होते. ते ऑडिट काळजीपूर्वक झाले असते तर अपघात टळू शकला असता, हा निष्कर्ष पालिकेच्याच प्राथमिक चौकशीचा आहे. ऑडिट झाले होते, अहवाल होता, सल्लागाराची सहीही होती.

‘निधी नाही’ ही सबब येथे चालत नाही. देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका ती हीच. महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे इच्छा झाली की यंत्रणा धावतेही. पण बांधण्याला उद्घाटन असते, नारळ असतो, संगमरवरी पाटी असते. तुंबलेले छिद्र मोकळे करण्याला फीत कापायला कोणी येत नाही.

त्या संगमरवरी पाटीवर उद्घाटकाचे नाव पन्नास वर्षे टिकते. तिच्याखाली दुसरी पाटी लावण्याचा खर्च नगण्य आहे: पूल कोणाच्या ताब्यात, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला, कोणत्या अभियंत्याने केली, काय आढळले आणि दुरुस्ती कधी झाली. ही माहिती प्रत्येक पालिकेच्या दप्तरात असायलाच हवी. ज्या पुलावर ती पाटी लावता येणार नाही, त्या पुलाची पाहणी झालेली नाही असे नागरिकांनी खुशाल समजावे आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला तसे लेखी विचारावे.