विडी सुटली, फेनो वाढला

काळाचौकीत दवाखाना चालवणाऱ्याला हे वाक्य नवे नाही: ‘डॉक्टर, विडी सोडली आणि खोकलाच वाढला.’ बोलणारा पुष्कळदा जुना गिरणी कामगार असतो. कार्डिंग आणि ब्लोरूम खात्यांत कापसाची धूळ छातीत घेतलेली ती पिढी. सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेले की छाती आवळायची. त्या बिसिनोसिसवर वर्षानुवर्षे विडीची भर पडत गेली.

अशा रुग्णाला आता आपण फेनोच्या, म्हणजे श्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणाऱ्या, यंत्रात फुंकायला लावतो. आकडा येतो १२ पीपीबी. प्रौढांत २५ च्या खाली म्हणजे इओसिनोफिलिक दाह संभवत नाही, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले. मग ‘श्वासनलिका शांत आहेत’ असा शेरा पडतो आणि रुग्णही तेवढाच दिलासा घेऊन विडीकडे परततो. हा शेरा चुकीचा आहे, म्हणूनच या अंकात हा विषय घेतला.

धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड कमी सापडते, हे लंडनच्या खारितोनोव्ह, रॉबिन्स आणि बार्न्स यांनी १९९५ मध्येच दाखवले होते. धुरातच हा वायू भरपूर असतो. बाहेरून एवढा साठा येत राहिल्यावर श्वासनलिकेच्या अस्तरातील तो बनवणारे एन्झाइम मंदावते, असे एक स्पष्टीकरण आहे. शिवाय जे थोडे तयार होते त्यातलेही काही धुरातील ऑक्सिडंट गिळून टाकतात. म्हणजे दाह तसाच राहतो, खूण मात्र पुसली जाते. १२ चा अर्थ लावण्यापूर्वी रुग्णाने शेवटची विडी कधी ओढली, हे विचारायलाच हवे.

धूम्रपान थांबल्यावर हे प्रमाण पुन्हा वर येते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या भेटीत १२ चे २४ झाले, तर घाईने पंपातील स्टेरॉइडचा डोस वाढवू नका. दबलेले एन्झाइम जागे होत असेल. पण दम्याचा इतिहास असेल, आकडा ५० च्या वर गेला असेल, रक्तात इओसिनोफिल वाढले असतील, तर आजवर धुराआड झाकलेला दमा समोर आला आहे असे समजून उपचार करा. एकट्या फेनोवरून हा भेद करता येत नाही. आणि वाढलेला फेनो म्हणजे फुप्फुस बरे झाले, असेही रुग्णाला सांगू नये. सीओपीडीत विडी सोडल्यावरही दाह वर्षानुवर्षे टिकतो.

बरे होण्याचा पुरावा स्पायरोमेट्रीत मिळतो. ग्लासगोच्या २००६ च्या अभ्यासात दमा असलेल्या ३२ धूम्रपान करणाऱ्यांपैकी १० जणांनी सिगारेट सोडली. सहा आठवड्यांत त्यांचा एफईव्ही-१, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी ४०७ मिलीने सुधारला. गट लहान, पण एवढी सुधारणा आपले पंपही क्वचितच देतात. अमेरिकेच्या लंग हेल्थ स्टडीत अकरा वर्षे ओढत राहिलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला सुमारे ६६ मिलीने घटला, सोडलेल्यांचा ३० ने.

‘विडीच तर आहे, सिगारेट नाही’ हे ऐकून आपणही कधी कधी मान डोलावतो. मुंबईतच हजारो पुरुषांवर झालेल्या पाहणीत (२००५) तंबाखू न वापरणाऱ्यांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी अधिक आढळला.

आमची विनंती साधी आहे. फेनो स्पायरोमेट्रीच्या आधी करा. रिपोर्टवर आकड्याशेजारी विडी-सिगारेटची नोंद आणि सोडल्याची तारीख लिहा. आणि ज्या दिवशी रुग्ण सोडायचे ठरवतो, त्याच दिवशी त्याला सांगून ठेवा: पहिले काही आठवडे खोकला, कफ वाढू शकतो, यंत्रातला आकडाही वर जाईल; घाबरून पुन्हा पेटवू नका, मला भेटा. पुढची तारीख दोन आठवड्यांच्या आतली द्या.