कोरियनवर राग कशाला?

आमच्या वसईत हल्ली एक नवा गुन्हा निघाला आहे: कोरियन शिकणे! मोबाइलवर मालिका पाहता पाहता एखाद्या मुलीने वही आणून ती लिपी गिरवायला घेतली, की घरचे वडीलधारे गरजतात, "आधी स्वतःची मराठी नीट येऊ दे!" हा उपदेश करणारे असतात तरी कोण? ज्यांनी तीन वर्षांच्या मुलांना इंग्रजी शाळेत घातले आणि आजीची कादोडी किंवा वाडवळी पाहुण्यांसमोर बोलू नको म्हणून डोळे वटारले, बहुधा तेच! इंग्रजीने माजघर बळकावले तेव्हा हे स्वस्थ होते. अंगणात कोरियन चिमणी उतरताच काठी घेऊन धावले.

परक्या शब्दांनी भाषा बाटते, हा धाक तरी वसईकराने घालू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पण त्यांची चावी, साबण, पाव आणि पगार आपण ठेवून घेतलेच की! पगार तर दर महिन्याला मोजून घेतो.

मी आयुष्यभर मराठी शिकवले, म्हणूनच ही भाषा पाहून मला आनंद झाला. 'हाक्क्यो-ए गायो' म्हणजे 'शाळे-त जाते'. नामाला प्रत्यय, क्रियापद शेवटी, कर्ता गाळला तरी चालतो! मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलते; 'ये' आणि 'या' यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे काय समजावायचे? लिपी तर पाहण्याजोगी. 'क'च्या खुणेत एक रेघ वाढवली की 'ख' होतो. ती राजा सेजोंगने १४४६ साली प्रजेला दिली. त्याआधी, १४४४ सालीच, दरबारच्या पंडितांनी ओरड केली होती, की चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी काढणे हा रानटीपणा आहे. (असले पंडित सर्वत्र असतात.) पुढे जपानी अमलात, १९४२ साली, कोरियन शब्दकोश रचणाऱ्या विद्वानांची धरपकड झाली, दोघे तुरुंगातच वारले. स्वभाषेसाठी इतके सोसलेल्या लोकांची बोली शिकून आमची मुलगी मराठी विसरेल होय?

माझी तक्रार निराळीच आहे. आमची मुले कोरियन शिकतात ती इंग्रजीतून. उच्चार रोमन अक्षरांत, व्याकरण इंग्रजीत. शेजारच्या घरी जायला विलायतेचा वळसा! काही स्वर आपल्यालाही अवघड जातात, ते कानानेच शिकावेत. पण क-ख, प-फ ज्याच्या जिभेवर जन्मापासून आहेत आणि 'विभक्ती' म्हणताच ज्याला उमगते, त्याला 'पोस्टपोझिशन' कशाला घोकायला लावता? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या परकी भाषांत कोरियनही आहे. तिची वाट मराठीतून काढा. ते केले तर मराठीचे व्याकरणही पोरांना पुन्हा एकदा, आणि या खेपेस आवडीने, वाचावे लागेल.

गावच्या वाचनालयाची मागची खोली संध्याकाळी रिकामी असते. पाच मुली येणार असतील, तर फळा आणि खडू मी आणतो. येताना आजीलाही आणा. कादोडीत 'शाळेत' कसे म्हणतात, ते तिलाच विचारायचे आहे.