वाघिणीचं नाव पाठ, रानम्हशीचं काय?

चंद्रपुरात कॉलेजच्या कट्ट्यावर ताडोबाच्या ‘माया’ वाघिणीचं नाव काढा, जो तो फोटो दाखवायला मोबाइल काढेल. आता विचारा, कोलामार्कात काय आहे? बहुतेक जण गप्प! गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातल्या या जंगलात महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी आहेत. जगभरात धोक्यात आलेल्या या प्राण्याचे बहुतेक कळप आता आसामातच उरलेत. म्हणूनच २०१३ मध्ये कोलामार्काला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पण धोका फक्त शिकारीचा नाही. गावच्या म्हशींशी संकर झाला की अस्सल रानटी वाण हरवतो. चरायला गेलेल्या गुरांचा रोग कळपात शिरला, तर मोजक्याच रानम्हशी किती दिवस टिकणार? म्हणजे रानम्हैस वाचवायची, तर आधी गावातल्या गुरांना वेळेवर लस टोचली पाहिजे. या कामाची रील व्हायरल होत नाही, म्हणून ते कमी महत्त्वाचं ठरत नाही.

तिथं दुसरा ताडोबा करा, असं मी म्हणणार नाही. जिप्सींच्या रांगांपेक्षा गुरांचा डॉक्टर आणि राखणीला पगारी स्थानिक पोरं जास्त गरजेची आहेत. वाघासाठी आपण भांडतोच. थोडं रानम्हशीसाठीही भांडूया ना!